आवाज तिचा, नाव कोणाचे?

आमच्या घरी एक जुनी कॅसेट आहे. आमचे चच्चा जेद्दाहून सुट्टीवर आले तेव्हा टू-इन-वनबरोबर त्यांनी ती आणली होती. वरच्या कागदावर त्यांनीच निळ्या शाईने उर्दूत दोन शब्द लिहिले आहेत, ‘बोनी एम’. हिंगोलीतल्या आमच्या मोहल्ल्यात त्या काळी जर्मनीची गाणी वाजणारे ते बहुधा एकटेच घर असावे. पुढे फुफीचे लग्न निघाले. हळद-मेंदीच्या रात्री बायका ढोलक घेऊन बसल्या आणि कोरी कॅसेट काही मिळेना. विकतच्या कॅसेटवर पुन्हा रेकॉर्डिंग होऊ नये म्हणून कंपनी मागची प्लास्टिकची चिमुकली कडी मोडून ठेवत असे. चच्चांनी त्या खाचेत कागदाचा बोळा कोंबला आणि कॅसेटच्या दुसऱ्या बाजूवर बायकांची गाणी भरून घेतली. अशा रीतीने एका बाजूला जर्मनीचा नाच आणि दुसऱ्या बाजूला हिंगोलीची ढोलक, असा संसार त्या कॅसेटमध्ये सुरू झाला. वरचा कागद मात्र तोच राहिला.

दोन वर्षांपूर्वी फुफीचे निधन झाले. चाळीसावा झाल्यावर घरातल्या मंडळींनी ती कॅसेट काढली. जुना टेप दुरुस्त करून आणला. ढोलकीवर थाप पडली, पुढे गाणाऱ्या बाईचा खणखणीत, थोडासा घोगरा आवाज उमटला आणि सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आले. मग कोणीतरी विचारले, “ये आवाज किसकी है?” एक म्हणाली, बडी खाला. दुसरी म्हणाली, नाही, ही तर गल्लीच्या टोकाची हज्जन आपा. तिसरीने आणखी एक नाव घेतले. रात्री उशिरापर्यंत वाद चालला, पण निकाल लागला नाही. पस्तीस वर्षांच्या आतच घरातला आवाज बेनाम झाला होता.

आम्ही पेशाने शिक्षक. उर्दू माध्यमाच्या मुलांना इतिहास शिकवतो. तेव्हा मनाची समजूत घातली की दुसऱ्या बाजूचे राहू द्या, पहिल्या बाजूवर तरी नावे सापडतील. ती तर कंपनीने छापलेली, जगभर खपलेली गाणी. म्हणून आम्ही त्या जर्मन गाण्यांचा माग काढू लागलो. जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवतो.

हॅनोव्हरला गेलेला आवाज

हिंदुस्थानी स्त्रीचा आवाज आणि जर्मनी यांचे नाते बोनी एमपेक्षा फार जुने आहे. तबकडीचा ग्रामोफोन शोधणारे एमिल बर्लिनर हे हॅनोव्हर शहरी १८५१ साली जन्मले. पुढे ते अमेरिकेत गेले, पण १८९८ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या भावाने हॅनोव्हरलाच तबकड्यांचा कारखाना उभा केला. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आले आणि त्यांनी गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. ते मुद्रण जहाजाने हॅनोव्हरला गेले, तिथे तबकड्या छापल्या गेल्या आणि पुन्हा जहाजाने हिंदुस्थानच्या बाजारात आल्या. १९०८ साली कलकत्त्याजवळ सियालदाहला कारखाना निघेपर्यंत हा येरझारा चालू होता. तबकडी ज्या लाखेपासून बनत असे ती लाखही बहुतांश आपल्याच मुलखातली. पळसा-बोरीच्या फांद्यांवर किडे जी लाख धरतात तीच ही. म्हणजे आवाज इथला, लाख इथली आणि ठसा तेवढा जर्मनीचा.

गौहरजान यांच्या तबकड्यांची एक खूण प्रसिद्ध आहे. गाणे संपता संपता त्या स्वतःच इंग्रजीत सांगत, माझे नाव गौहरजान. असे सांगतात की हॅनोव्हरच्या कारागिरांना कोणती तबकडी कोणाची हे कळावे आणि कागद बरोबर चिकटावा म्हणून ही घोषणा करवून घेत. कारण काहीही असो, परिणाम मोठा झाला. ज्या काळी गाणाऱ्या बाईला शरीफ घरात कोणी उंबरा ओलांडू देत नसे, त्या काळी तिचे नाव तिच्याच तोंडून हजारो घरांत पोहोचले. कागद फाटला तरी नाव जात नव्हते, कारण ते आवाजातच कोरलेले होते. १७ जानेवारी १९३० रोजी म्हैसूरला त्यांचा इंतकाल झाला. त्यांचे नाव अजून टिकून आहे.

ही रीत आपल्याला परकी नाही. गझलेच्या मक्त्यात शायर आपला तखल्लुस गुंफतो. आपले हिंगोली ज्या हैदराबाद संस्थानात १९४८ पर्यंत होते, त्या हैदराबादच्या माहलका बाई यांनी ‘चंदा’ हा तखल्लुस घेतला. उर्दूत स्वतःचा दीवान असलेल्या अगदी पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. आणि आमच्या जिल्ह्यातल्या नर्सीच्या नामदेवांच्या घरी राबणारी, गंगाखेडची जनाबाई? दळणकांडण करता करता तिने अभंग रचले आणि प्रत्येकाच्या शेवटी आपली मुद्रा ठेवली. जनीचे नाव सातशे वर्षांत कोणाला पुसता आले नाही.

म्युनिकचा नाच

आता चच्चांच्या कॅसेटच्या पहिल्या बाजूकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीत अमेरिकेच्या फौजा राहिल्या. जिथे छावणी पडते तिथे वाजंत्री येते, हे हिंगोलीकरांना सांगायला नको; आपल्याकडेही हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. अमेरिकन फौजेत कृष्णवर्णीय शिपाई मोठ्या संख्येने होते. त्यांच्या क्लबांतून आणि रेडिओतून सोल आणि फंक हे संगीत जर्मन तरुणांच्या कानी पडले. फंक म्हणजे काय? आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर सगळा भार टाकायचा आणि पुढच्या मात्रा बास गिटार नि ढोल यांनी खेळवत न्यायच्या. आमच्या घरातल्या ढोलक वाजवणाऱ्या बायकांना ही गोष्ट शब्दांत सांगता आली नसती, पण हाताला ठाऊक होती. जर्मन स्टुडिओवाल्यांनी त्याला आणखी सरळ केले. प्रत्येक मात्रेवर पायाच्या ढोलाचा एकसारखा ठोका, वर व्हायोलिनांचा ताफा आणि त्यावर स्त्रियांचा कंठ. हाच पुढे डिस्को म्हणून जगभर गेला.

१९७५ साली म्युनिकच्या मिखाएल कुन्झे आणि सिल्व्हेस्टर लेव्हाय या जोडीने ‘सिल्व्हर कन्व्हेन्शन’ या नावाने ‘फ्लाय, रॉबिन, फ्लाय’ हे गाणे काढले. ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. या नावाखाली सुरुवातीला स्टुडिओत मजुरीवर गाणाऱ्या स्त्रिया गात होत्या. पुढे पेनी मॅक्लीन, रमोना वुल्फ आणि लिंडा जी. थॉम्पसन या तिघींना नेमले. सगळ्या गाण्यात वेगवेगळे शब्द मोजून सहा. या गाण्याला १९७६ चा ग्रॅमी पुरस्कार मिळाला, आणि तो कशाचा? वाद्यसंगीताचा! स्त्रियांचे गळे गात होते आणि परीक्षकांनी त्यांना वाद्यांत जमा केले. आम्ही हे वाचले तेव्हा हसू आले आणि लगेच विरले.

डोना समर यांची गोष्टही पाहा. या बोस्टनच्या. ‘हेअर’ या संगीतनाटकात काम करण्यासाठी १९६८ मध्ये म्युनिकला आल्या, जर्मन शिकल्या, हेल्मुट सोमर या नटाशी लग्न केले. ‘सोमर’चे ‘समर’ झाले आणि तेच जगाने लक्षात ठेवले. एका उंच इमारतीच्या तळघरातल्या म्युझिकलँड स्टुडिओत जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलॉट यांनी १९७७ साली त्यांच्याकडून ‘आय फील लव्ह’ गाऊन घेतले. त्यात जवळजवळ सगळी साथ यंत्राची आहे. यंत्राच्या त्या भिंतीतून एकच सजीव वस्तू बाहेर येते, ती म्हणजे डोना यांचा आवाज. त्यांनी आपले नाव मात्र राखले. २०१२ मध्ये त्या वारल्या तेव्हा सगळ्या जगाने त्यांना नावाने ओळखले.

आणि बोनी एम? चार चेहरे. लिझ मिचेल आणि मार्शिया बॅरेट या दोघी मूळच्या जमैकाच्या, मेझी विल्यम्स माँटसेराटच्या आणि बॉबी फॅरेल अरुबाचे. जर्मन म्हणून जी गाणी आम्ही ऐकत होतो त्यांच्या चेहऱ्यांत जर्मन एकही नव्हता. जर्मन होते ते पडद्यामागचे निर्माते, फ्रँक फारियान. फॅरेल मंचावर ओठ हलवत आणि तो जाड पुरुषी आवाज असे फारियान यांचाच. मेझी यांचा गळाही तबकडीवर नव्हता. ‘डॅडी कूल’ (१९७६), ‘रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन’ (१९७८), ‘रासपुतिन’ (१९७८) ही गाणी उभी आहेत ती मुख्यतः लिझ आणि मार्शिया या दोन बायांच्या आवाजावर. पण लोकांच्या तोंडी राहिले ते ‘बोनी एम’. तेही नाव फारियान यांनी ऑस्ट्रेलियाच्या एका टीव्ही मालिकेतल्या पोलीस तपासनिसावरून उचललेले. याच फारियान यांच्या मिली व्हॅनिली या दुसऱ्या जोडीने स्वतः गायलेलेच नाही हे उघडकीस आले तेव्हा, १९९० साली, त्यांचा ग्रॅमी परत घेण्यात आला. त्या वेळी केवढा गहजब झाला! पण त्याआधी वर्षानुवर्षे दोन बायांचा आवाज चौघांच्या नावावर जमा होत होता, त्याबद्दल कोणाला राग आल्याचे आमच्या वाचनात आलेले नाही.

ही लाट आपल्या गावातही शिरली. जर्मनीतच फारियान यांच्या हाताखाली इरप्शन या चमूने १९७९ मध्ये ‘वन वे टिकट’ गायिले; मुख्य आवाज प्रेशस विल्सन यांचा. लगेच १९८० मध्ये ‘प्यारा दुश्मन’ चित्रपटात बप्पी लाहिरी यांनी त्या चालीवर ‘हरि ओम हरि’ बांधले आणि उषा उथुप यांनी ते गाजवले. आपल्याकडे ते लग्नाच्या वरातीत बँडवाल्यांनी वाजवले. प्रेशस विल्सन कोण, हे विचारायची कोणाला गरज पडली नाही. उषाताई मुंबईत वाढलेल्या. आवाज चाकोरीत बसत नाही म्हणून शाळेतल्या संगीताच्या वर्गातून त्यांना काढून टाकले होते, हे त्यांनीच सांगितले आहे. आम्हां शिक्षकांनी ही ओळ भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे.

मुंबईची आशा, कोलोनची बुलबुल

आम्हाला सगळ्यात मोठा धक्का पुढे बसला. या जर्मन डिस्को-फंकच्या ऐन बहरात आपल्या मुंबईचीच एक मुलगी गाऊन गेली होती, आणि आम्ही तिचे नावही ऐकले नव्हते. त्या आशा पुथली. जन्म १९४५ चा, मुंबईचा. पंडित लक्ष्मणप्रसाद जयपूरवाले यांच्याकडे त्या शास्त्रीय गाणे शिकल्या आणि पाश्चात्त्य ऑपेराही शिकल्या. अमेरिकेत गेल्यावर १९७२ च्या ‘सायन्स फिक्शन’ या तबकडीत ऑर्नेट कोलमन या जॅझच्या थोर वादकाबरोबर गायिल्या. १९७३ मध्ये त्यांच्या स्वतःच्या नावाची पहिली तबकडी निघाली. आणि १९७६ साली डीटर झिमरमान या जर्मन संगीतकाराच्या निर्मितीत ‘द डेव्हिल इज लूज’ आली. तिच्यातले ‘स्पेस टॉक’ न्यूयॉर्कच्या नाचघरांत रात्र रात्र वाजले. १९९७ मध्ये नटोरियस बी.आय.जी. या रॅपरच्या तबकडीत त्याचाच तुकडा घेतला गेला.

आम्ही ते गाणे एका तरुण सहकाऱ्याच्या मोबाईलवर ऐकले. खाली फंकचा बास लयीत चालला आहे आणि वर अगदी हलका, कुजबुजल्यासारखा आवाज तरंगतो आहे. एखाद्या ठिकाणी स्वर असा काही वळतो की वाटावे, हा रियाज तानपुऱ्यावरच झाला आहे. युरोपात आणि अमेरिकेत त्यांना मानणारे पुष्कळ होते. २०२४ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात त्या गायिल्या. आपल्याकडे? १९८० मध्ये ‘कुर्बानी’तून पंधरा वर्षांच्या नाझिया हसन घराघरांत पोहोचल्या, कारण त्या सिनेमातून आल्या. आशा पुथली सिनेमाच्या वाटेने आल्या नाहीत म्हणून त्या आल्याच नाहीत. त्यांनी आपले नाव आवाजापासून तुटू दिले नाही, प्रत्येक तबकडीवर ते ठळक आहे. तरी घरच्यांनीच ते वाचले नाही. नाव लिहिणे एक आणि ते वाचणारा असणे दुसरे, हे आम्ही इथे शिकलो.

दुसरी गोष्ट कोलोन शहराची. ३० ऑक्टोबर १९६१ रोजी पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात मजूर नेण्याचा करार झाला आणि लाखो तुर्क कारखान्यांत राबायला गेले. त्यांच्यासाठी कोलोनमध्ये ‘तुर्क्युओला’ ही तबकड्यांची कंपनी निघाली. तिची मोठी गायिका यूकसेल ओझकासाप. लोक त्यांना ‘कोलोनची बुलबुल’ म्हणत. विषय एकच, गुर्बत. तुर्कीत ‘गुर्बेत’ म्हणजे परदेस. आपल्या उर्दूत ‘गुर्बत’चे दोन अर्थ, परदेस आणि गरिबी. जेद्दाला गेलेल्या आमच्या चच्चांना दोन्ही अर्थ एकदमच कळले होते. ओझकासाप यांच्या तबकड्या आणि कॅसेटी जर्मनीत प्रचंड खपल्या, पण त्या तुर्की किराणा दुकानांतून विकल्या जात. म्हणून जर्मनीच्या लोकप्रिय गाण्यांच्या याद्यांत त्यांची मोजदाद झाली नाही. शेजारच्या गल्लीतला जर्मन माणूस त्यांना ओळखत नव्हता. पण त्यांच्या माणसांनी त्यांना जपले, लकब दिला, नाव नातवंडांपर्यंत पोहोचवले. मोजणाऱ्याने मोजले नाही तरी आपल्यांनी आठवण ठेवली तर नाव वाचते, याचा हा दाखला.

हिंगोलीची ढोलक

आता कॅसेट उलटू या. ही कॅसेट नावाची वस्तूसुद्धा १९६३ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात फिलिप्स कंपनीने पहिल्यांदा जगापुढे मांडली. तिची खरी करामत अशी की ज्याच्या हाती टेप तो मुद्रण करणारा. गौहरजान यांच्या वेळी साहेब यंत्र घेऊन यावा लागला. आमच्या घरी चच्चांनी एक बटण दाबले. इतिहासाने पहिल्यांदा आमच्या बायकांचे ऐकले, पण नाव विचारायचे राहून गेले.

ढोलक के गीत ही आपल्या दख्खनची दौलत आहे. नवऱ्या मुलीची चेष्टा, सासूला टोमणे, माहेरचा निरोप हे सारे दक्खनी बोलीत, बायकांनी बायकांसाठी रचलेले. आता त्या जागी डीजे आला. काही घरांत गाणेच नको असे ठरले. गाणे ऐकावे की नाही हा ज्याच्या त्याच्या घरचा, ज्याच्या त्याच्या दिलाचा मामला आहे. त्यावर आम्ही फैसला देणार नाही. पण जे गायिले गेले ते कोणी गायिले, एवढे लिहून ठेवण्याला कोणाची हरकत असावी?

हरकत निघाली. ‘हज्जन आपा’ हे नाव नव्हे, ती तर उपाधी. गल्लीत एकालाही त्यांचे खरे नाव माहीत नव्हते. आम्ही त्यांच्या नातवाकडे गेलो. त्याला दादीचे नाव चटकन आठवले नाही. जुने रेशनकार्ड काढून त्याने वाचून दाखवले. मग जरा थांबून म्हणाला, “सर, छापू नका. दादी गात होत्या म्हणून लोक काय म्हणतील?” तो वाईट मुलगा नाही. दादीवर त्याचा जीव होता. तिची इज्जत राखावी म्हणूनच तो नाव झाकत होता. आम्ही त्याला गौहरजान यांची गोष्ट सांगितली. त्याने ऐकून घेतली आणि पुन्हा तेच म्हणाला. आम्ही शब्द दिला, म्हणून इथे ते नाव छापलेले नाही. वाचकांनी ही आमची हार समजावी.

तरी स्वस्थ बसवेना. उन्हाळ्याच्या सुट्टीत आठवीच्या मुलामुलींना एक काम दिले. आपल्या घरात किंवा मोहल्ल्यात लग्नाला पुढे होऊन गाणारी बाई कोण होती, तिचे पूर्ण नाव काय, गाणी ती कोणाकडून शिकली, हे विचारून वहीत लिहावे. काही वह्या कोऱ्या आल्या. काहींत ‘बब्बूची अम्मी’, ‘टेलर मास्तरची बीवी’ असे लिहिलेले होते. त्या आम्ही परत केल्या आणि सांगितले, बब्बूचे नाव आम्हाला ठाऊक आहे, त्याच्या अम्मीचे विचारून या. दुसऱ्या खेपेस नावे आली. एका मुलीने सांगितले, तिच्या नानीला नाव विचारले तर नानी आधी हसली, मग म्हणाली, साठ वर्षांत हे विचारणारी तूच पहिली.

गेल्या महिन्यात चच्चांच्या समोर बसून आम्ही कॅसेटवर नवा कागद चिकटवला. जुना काढू नका, असे ते म्हणाले. म्हणून त्याच्या खालीच लावला. पहिल्या बाजूसाठी लिहिले, लिझ मिचेल, मार्शिया बॅरेट. दुसऱ्या बाजूसाठी तीन बायकांची पूर्ण नावे लिहिली, रेशनकार्डावरचे धरून. त्यांतली गाणारी नेमकी कोण हे अजून ठरलेले नाही, म्हणून तिन्ही नावांपुढे प्रश्नचिन्ह ठेवले आहे. त्या रात्री ढोलकीभोवती बसलेल्या दोघी-तिघी अजून हयात आहेत. एक परभणीला आहे, एक नांदेडला. दिवाळीच्या सुट्टीत टेप घेऊन त्यांच्याकडे जायचे आहे.